पाणलाव्याची पांढरी किनार

अक्का, कावळा शिवला नाही.

श्रीरंगपट्टणजवळच्या पश्चिमवाहिनीच्या घाटावरचे कावळे एरवी पिंड पानावर ठेवेपर्यंतसुद्धा दम धरत नाहीत. तुमच्या दहाव्याला मात्र ते पिंपळावर रांगेने बसून राहिले. नाटकाला आलेले प्रेक्षक पडदा उघडायची वाट बघतात ना, तसे. तुम्ही असतात तर पहिल्यांदा मलाच टोकलं असतंत. "शैले, कावळे कावळे काय म्हणतेस? साधे किती आणि डोमकावळे किती, ते सांग." पाहून ठेवलं होतं मी. करड्या मानेचे साधे बहुतेक सगळे, आणि अगदी शेंड्यावर दोन डोमकावळे, काळेकुट्ट, भारदस्त, सासरेबुवांसारखे. कुणाला सांगणार? मनातल्या मनात तुम्हालाच सांगितलं.

पान छान मांडलं होतं. भात, तीळ, दही, बाजूला तुमच्या आवडीचा लिंबूभात, चित्रान्न, आणि एक उडीदवडा. भटजींनी सगळ्यांना मागे सरायला लावलं. आम्ही सरलो. कावळे हलले नाहीत. अजून सरलो. एकाने चोच पुसली, तेवढंच.

मग सुरू झाली वचनं. आधी तुमचा भाऊ, माझा नवरा, पुढे गेला. हात जोडून म्हणाला, "अक्का, तुझं शिवणाचं मशीन मी कुणालाही देणार नाही. तेल घालीन." कावळे गप्प. मग तुमचा सुहास पुढे झाला. बंगळूरहून धावत आलेला, दाढी वाढलेली, ओलं धोतर पायांत अडकणारं. "आई, मी दर महिन्याला येईन." कावळ्यांनी याआधीही हे वचन ऐकलं असावं. एक तर चक्क पाठ फिरवून बसला. सुहासच्या चेहऱ्याकडे बघवेना, अक्का. तो खरंच घाबरला होता. त्याला वाटत होतं की तुम्ही त्याच्यावर रागावून गेलात.

"अय्यो, काहीतरी राहिलंय तिचं, अल्वा, नाही का?" शेजारच्या पद्मम्मा म्हणाल्या. आणि असं म्हणून त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग तुमच्या भावाने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्या घाटाने.

कारण तुमचं काय राहिलंय ते अग्रहारातल्या आपल्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. आपलं भांडण राहिलं होतं.

"म्हण ना," तुमचा भाऊ माझ्या कानाशी लागला. "म्हण, अक्का, तुमचंच खरं. सुम्ने, उगीच म्हणून टाक. तिला कुठे ऐकू जातंय?"

"ऐकू जात नसेल तर म्हणू कशाला?"

"कावळ्यासाठी!" तो दात आवळून म्हणाला.

तीन शब्द, अक्का. तुमचंच खरं होतं. एवढं म्हटलं असतं तर कावळा उतरला असता की नाही कोण जाणे, पण सुहासच्या खांद्यावरचं ओझं नक्की उतरलं असतं. आणि माझी जीभ उचलेना. ती का उचलेना, हे त्या घाटावर कुणालाच सांगून पटलं नसतं. तुम्हाला पटेल, कारण ती तशी अडायला तुम्हीच शिकवलीत.

आठवतं का ते ढेकूळ?

तेव्हा मी नवी होते. म्हणजे सून म्हणून जुनी, पक्ष्यांत नवी. गोकुलममधल्या योगवाल्या परदेशी पोरीसाठी मी सुती विजारी शिवायचे, ती मायदेशी जाताना दुर्बीण आणि पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक आपल्या शिवणाच्या दुकानात ठेवून गेली. परत येते म्हणाली, आलीच नाही. दुर्बीण कपाटात नीट ठेवायची, तर तुम्ही ती गळ्यात घातलीत. दुकानाच्या दारातून समोरच्या विजेच्या तारेवरचा काळा कोतवाल पक्षी पाहिलात आणि म्हणालात, "शैले, याच्या कोटाची शेपूट कुणी कापली ग? काय हात आहे!" त्या दिवसापासून तुमचे ब्लाउज उशिरा मिळायला लागले आणि गिऱ्हाइकं मला बोलायला लागली.

मग माझ्या स्कूटरवर मागे बसून तुम्ही येलवालच्या पुढे जायला लागलात. हुणसूर रस्ता सोडून आत, ते उथळ तळं आणि त्याच्या कडेची दलदल. घरी सांगायचं, बेट्टाच्या डोंगरावर देवीला जाऊन येतो. एकदा तुमच्या भावाने आपले पाय पाहिले. "चामुंडी बेट्टावर एवढा चिखल?" तुम्ही डोळे मिटून हात जोडलेत, "देवीची लीला." मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून हसले.

त्या दलदलीत पहिले काही आठवडे मला काही म्हणजे काही दिसायचं नाही. सगळे पक्षी चिखलाच्या रंगाचे, सगळ्यांचे पाय लांब, सगळे मान खाली घालून चिखलात चोच खुपसणारे. तुम्ही बोट करायचात, "ती बघ तुतारी, शेपूट वरखाली करतेय," आणि मी म्हणायचे, "हो हो, काय गोड!" नणंदेला नाही कसं म्हणायचं? एका सकाळी तुम्ही दुर्बीण माझ्या हातात दिलीत आणि कुजबुजलात, "हळू. पाणलावा. त्या गवताच्या मुळाशी. अंगावर सोनेरी पट्टे बघ, पायपिंग लावल्यासारखे." मी पाहिलं. भरपूर पाहिलं. म्हणाले, "अय्यो अक्का, किती सुंदर! डोळा पण दिसला."

तुम्ही उठलात, चिखल तुडवत तिथे गेलात आणि ते उचलून आणलंत. ढेकूळ. माझ्या हातावर ठेवलंत.

"ढेकळाला सुंदर म्हणालीस," तुम्ही म्हणालात. हसला नाहीत. "याचा डोळा दाखव आता."

त्या दिवशी तुम्ही लगेच स्कूटर काढायला लावलीत. अग्रहारात शिरताना तुम्ही माझ्या पाठीशी म्हणालात, "घरात माझ्यासमोर हवं तितकं खोटं बोल. भाजी आवडली म्हण, साडी शोभते म्हण. तिथे नको. तिथे दिसलं तरच हो म्हणायचं. कितीही मोठ्या माणसाने बोट दाखवलं तरी." आणि मग तो दुसरा नियम केलात, की नवा पक्षी दोघींनी हो म्हटल्याशिवाय पाहिला असं धरायचं नाही. एकीने हो आणि एकीने नाही म्हटलं तर म्हणायचं, जात नक्की नाही. पुढच्या वेळी पुन्हा बघायचं.

तुम्ही हा नियम माझ्यावर किती निर्दयपणे चालवलात! मी एकटीने पाहिलेली ती रंगीत पाणलाव्याची मादी, लालसर गळ्याची, डोळ्याभोवती पांढरा चष्मा. तुम्ही तेव्हा बांधावर बसून पायातला काटा काढत होतात. येईपर्यंत ती लव्हाळ्यात गेली. मी रडकुंडीला येऊन सांगत होते आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "असेल. मी पाहिली नाही. जात नक्की नाही." घाटावर तुमच्या भावाला वाटलं की मी त्या मादीचा सूड उगवतेय. तसं म्हणालाही. पुरुषांना सूड फार लवकर सुचतो.

आता या संक्रांतीनंतरचा तो रविवार. तो मी रोज पुन्हा पाहते, अक्का. सिनेमा हवा तिथे थांबवता येतो, तो थांबत नाही, एवढाच त्रास.

धुकं नुकतं उठलं होतं. आपण बांधावरून चाललो होतो, ऊन समोरून डोळ्यांत. तुमच्या पिशवीत एळ्ळु-बेल्लाची पुडी, तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे. तुम्ही पुडी माझ्या हातात दिलीत, "गोड बोल ग." मी चिमूट तोंडात टाकली, आणि त्याच क्षणी आपल्या पायांतून तो उडाला. टर्रर्र! खळ लागलेलं कोरं कापड एका ओढीत फाडावं तसा आवाज. दोन वळणं घेतली, लव्हाळ्यावरून गेला, दिसेनासा झाला. एक आवंढा गिळायला लागतो तितका वेळ.

"सुईवाला!" तुम्ही ओरडलात.

"साधा!" मी ओरडले. तोंडात तीळ होते.

जे वाचतील त्यांच्यासाठी सांगायला हवं, तुम्हाला नको. दलदलीत दोन पाणलावे येतात, दिसायला सख्खे भाऊ. साध्याच्या पंखाच्या मागच्या कडेला पांढरी किनार असते, उडताना दिसते. दुसऱ्याला ती किनार नसते, पण त्याच्या शेपटीच्या कडेची पिसं सुयांसारखी बारीक असतात. ती तो शेपूट पसरेल तेव्हाच दिसणार, आणि शेपूट तो आपल्या मर्जीने पसरतो. पुस्तकात त्याचं इंग्रजी नाव आहे. आपण शिंप्यांच्या घरच्या, आपल्यासाठी तो सुईवाला. तुम्ही तो कधीही पाहिलेला नव्हता. दर हिवाळ्यात एकेका पाणलाव्यासमोर चिखलात बसून राहायचात, हा शेपूट उघडेल, आता उघडेल म्हणून. दर हिवाळ्यात साधाच निघायचा.

"किनार कुठे होती?" तुम्ही माझ्याकडे वळलात.

"होती. वळताना दिसली. उजव्या पंखाला."

"ते ऊन चमकलं."

"ऊन तुमच्या डोळ्यांत होतं."

"उभा जन्म किनारी दुमडण्यात गेला माझा, शैले. किनार असती तर मला दिसली नसती?"

"माझाही तिथेच गेलाय, अक्का."

"आवाज ऐकलास? बसका होता. साधा असा ओरडतो?"

"मला फाटल्यासारखा वाटला. साध्यासारखाच."

तुम्ही थांबलात. नाक लाल झालं होतं. "गोड बोल म्हटलं होतं मी."

"गोडच बोलतेय," मी म्हटलं. "साधा."

तुम्ही उरलेली पुडी माझ्या हातातून काढून घेतलीत. अख्खी. संक्रांतीचा तिळगूळ परत घेणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तिथून पुढचे दिवस आपण समोरासमोरच्या घरांतून एकमेकींना फोनवर आवाज पाठवत भांडलो. समोर आलो की मात्र "जेवलात का" आणि "नळ आला का". रस्ता ओलांडून तुम्ही कोथिंबीर मागायला यायचात, घेऊन जायचात, आणि घरी पोचल्या पोचल्या माझा फोन वाजायचा. पायांबद्दल. उडताना पाय शेपटीच्या बाहेर आले होते की नाही. मी उलट पाठवायचे. पद्मम्मांनी तर विचारलंही, जागेचा वाद आहे का दोघींत?

तुमचा शेवटचा आवाज बुधवारचा. मी तो अजून पुसलेला नाही आणि पुसणार नाही. मागे मशीन चालल्याचा खडखड आवाज आहे. तुम्ही म्हणता, "हे बघ शैले, तुला किनार दिसली असेल तर तू नाही म्हणच. मला राग त्याचा नाही. मला राग येतो तो तू एवढ्या लवकर नाही म्हणालीस त्याचा. आणि आवाजाचं अजून राहिलंय. माझं संपलेलं नाही. हा ब्लाउज उतरवते आणि बोलते."

ब्लाउज मशीनवरच राहिला. एका बाहीला किनार दुमडलेली, दुसरीची तशीच. दुसरी मी दुमडून दिली. त्या बाईला फरक कळला नाही. तुम्हाला कळला असता.

तर घाटावर सगळे माझ्याकडे बघत होते आणि ऊन वर चढत होतं. भटजी कन्नडात म्हणाले, बेग बेग, लवकर लवकर, काय बोलायचं ते बोला, मागे दुसरे लोक थांबलेत. मी पुढे गेले.  दुकानातून शाळांच्या नाटकांना पोशाख आणि रावणाची दहा डोकी भाड्याने देणारी बाई मी, लोकांसमोर बोलायला कधी घाबरले नव्हते. त्या दिवशी घाबरले.

"अक्का," मी म्हटलं, "मला किनार दिसली होती."

मागे कुणीतरी कपाळावर हात मारला. आवाजावरून तुमचा भाऊच.

"तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. मला दिसली, एवढंच. आणि न पाहिलेल्याला हो मी म्हणणार नाही. ढेकळाला सुंदर मी एकदाच म्हटलं."

एक कावळा खाली उतरायला लागला होता, अक्का, शपथेवर सांगते. अर्ध्या वाटेवरून तो वळला आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसला.  सुहास माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या आईला दुसऱ्यांदा मारलंय.

आणि तेवढ्यात पाण्याच्या कडेने कोण आलं असेल? तुतारी. आपली साधी, दर नदीकाठी भेटणारी, शेपूट वरखाली नाचवणारी तुतारी. पायरीवरून टुकटुक चालत आली, खांद्यापाशी ती पांढरी पाचर, उदी उपरणं. पानाशी थांबली. पिंडावर एक माशी बसली होती. तुतारीने मान लांब केली आणि ती माशी टिपली. भाताला चोच लागली. सगळ्यांनी पाहिलं.

"आय्तु! आय्तु! झालं!" भटजींनी हात वर केले. "पक्षी शिवला!"

"हा कुठला पक्षी?" तुमच्या भावाने विचारलं.

"कावळ्याचंच पिल्लू असेल," पद्मम्मा म्हणाल्या.

मला हसू फुटलं, अक्का. दहाव्याच्या घाटावर, ओल्या पदराने, मी मोठ्याने हसले. तुतारी उडाली, पंख आखडून पाण्यालगत. भटजी गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना सुटका हवी होती, सगळ्यांनाच हवी होती. तेवढ्यात सुहास माझ्याजवळ आला. अगदी हळू विचारलं त्याने, "मामी, आईला हे चालेल का?"

बघा कसा पेच घातला तुमच्या लेकाने. हो म्हटलं की सगळं आटोपतं. पोरगा घरी जाऊन झोपतो. पक्षी तर होता, पिंडाला तर शिवला.

"पक्षी म्हणून तिला फार आवडला असता," मी म्हटलं. "कावळा म्हणून चालला नसता."

त्याने डोळे मिटले. मग भटजींकडे वळून म्हणाला, "दर्भाचा करा."

दर्भाचा कावळा करून शिववला. विधी पुरा झाला. आम्ही गाडीत बसलो. श्रीरंगपट्टण मागे पडल्यावर सुहास खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हणजे तिचं राहिलंच."

"राहिलंय," मी म्हटलं. "पण ते तुझ्याकडे नाही, माझ्याकडे आहे."

तेरावा झाला, पाहुणे गेले. सुहास परत निघायच्या आदल्या सकाळी तुमची दुर्बीण गळ्यात घालून माझ्या दारात उभा. "मामी, मला ती जागा दाखवा." तुमचा मुलगा, जो तुम्हाला म्हणायचा, आई, या वयात चिखलात कशाला, पाय मोडशील. स्कूटरवर मागे बसला तोही तुमच्यासारखाच, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्याने दुर्बीण पोटाशी धरलेली. येलवाल येईपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर स्कूटर खड्ड्यात गेली असती.

या वेळी मी पलीकडच्या बांधावर गेले, ऊन पाठीशी घेऊन. हा धडा महागात शिकलेला. बसलो. डब्याचं झाकण उघडून मधे ठेवलं, चित्रान्न. त्याने डोळ्यांना दुर्बीण लावली. आणि माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, मी कुजबुजले, "हळू. तो बघ पाणलावा. गवताच्या मुळाशी. पट्टे बघ सोनेरी."

तो बराच वेळ बघत राहिला.  नाही म्हण, मी मनात म्हणत होते. हो म्हणालास तर मी इथून उठून जाईन.

"मामी," तो म्हणाला, "मला तर ढेकूळ दिसतंय."

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "अय्यो, का मारता?" तो कळवळला.  

"पण ढेकळाच्या डावीकडे एक आहे," तो म्हणाला. "ते ढेकूळ श्वास घेतंय."

होता, अक्का. खराखुरा. चोच पाठीवरच्या पिसांत खुपसून अर्धा झोपलेला. आता शेपूट उघडेपर्यंत बसायचं, दुसरं काही हातात नाही. तुम्हाला माहीत आहे ते बसणं. पाय झोपतात, डोळ्यांत पाणी येतं आणि आपण पापणी लववत नाही. आणि तेवढ्यात उजवीकडून म्हशी निघाल्या. संथ, माना हलवत, नेमक्या त्याच्याच दिशेने. हाकायला मागे कुणी नाही. उठून हाकलावं तर आपणच त्याला उडवणार. न उठावं तर म्हैस उडवणार. सुहासची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. "उघड रे," तो पुटपुटत होता, "उघड, उघड." पहिली म्हैस लव्हाळ्यात शिरली. पाणलाव्याने डोळा उघडला. म्हैस थांबली, चरायला लागली. तो सावरून उभा राहिला आणि, काय सांगू तुम्हाला, त्याने आळस दिला. एक पंख खाली ताणला, अगदी शेवटपर्यंत, आणि त्याच बाजूला शेपूट पसरली.

पांढरी किनार. हाताने घातल्यासारखी सरळ. शेपटीची पिसं रुंद, तांबूस, गोल टोकांची. सुई एकही नाही.

म्हशीने पाय टाकला आणि तो उडाला, टर्रर्र, दोन्ही पंखांना दोन किनारी, उन्हात लख्ख.

"साधा," मी म्हटलं.

जिंकले, अक्का. तुम्ही तिळगूळ काढून घेतलात तेव्हापासून या एका शब्दासाठी थांबले होते, आणि तो तोंडातून निघाल्यावर मला काय वाटलं सांगू? रिकाम्या मशीनवर पाय मारत बसावं तसं. सुई चालतेय आणि खाली कापड नाही. समोरच्या घरातून फोन वाजणार नव्हता.

"मामी," सुहास म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशीचा पक्षी हाच होता कशावरून?"

मी त्याच्याकडे वळले. "म्हणजे?"

"म्हणजे हा साधा आहे, ते मलाही दिसलं. पण आईने पाहिला तो हाच, हे कसं ठरवलंत? तळ्यावर पाणलावा काय एकच असतो?"

"अरे, जागा तीच..."

"जागा पलीकडची. तुम्हीच म्हणालात, बांध बदलला."

"आवाज तोच होता!"

"त्या दिवशीचा आवाज बसका होता म्हणाली ना आई?"

"तुला काय माहीत?"

"मला पण पाठवायची ती. रोज." त्याचं नाक लाल झालं होतं. "मी ऐकायचो नाही पुरतं. आता ऐकले सगळे."

मग काय विचारता! त्या दलदलीच्या काठावर आमची मामी-भाच्याची अशी जुंपली की म्हशींनी चरायचं सोडून माना वर केल्या. तो पायांबद्दल बोलत होता, मी किनारीबद्दल. त्याला अजून तुतारी आणि टिटवी यांतला फरक सांगता येत नाही आणि तो मला शिकवत होता! मी बोट नाचवत होते, तो माझं बोट बाजूला सारत होता, आणि आमच्या मधल्या डब्याचा खडखडाट झाला तेव्हा आम्ही दोघंही दुसरीकडे बघत होतो. वळलो तोवर चित्रान्नाचा मोठा घास चोचीत घेऊन कुणीतरी उन्हाच्या दिशेने चाललं होतं. भाताची शितं बांधावर सांडली होती.

माझं नाचणारं बोट हवेतच राहिलं.

"मामी," तो म्हणाला. आवाज पार बदललेला. "शिवला."

"कोण शिवला?"

"कावळा."

"नीट पाहिलास?"

त्याने तोंड उघडलं. त्या पोराला त्या क्षणी हो म्हणण्याची केवढी गरज होती ते मला दिसत होतं. बांधावरची शितं त्याने पाहिली, आभाळात पाहिलं, जिथे आता काहीच नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "पाठमोरा, उन्हात. काळा पक्षी. जात नक्की नाही."

पोरगा तुमचाच आहे, अक्का. एवढ्या एका बाबतीत मी लगेच हो म्हणते.